आसीचं नाव कोणाच्या कार्डावर

३० मे

आसीच्या बाबा,

तू माझा नंबर बंद करून ठेवलायस म्हणून कागदावर लिहितेय. माझा भाऊ कास्दी रोज पहाटे माझ्याकडून सोयाबीन आंबवून केलेले टेंपे घेऊन शहरातल्या बाजारात जातो, त्याच्याच हाती देते. तू वाचून संपवेपर्यंत तो तुझ्या दारातून हलणार नाही. तसं बजावलंय मी त्याला.

लग्नात होते तोवर तुला अहो-जाहो केलं. आता कोर्टाने तुला माझा कोणी ठेवलेला नाही, तेव्हा 'तू'. राग आला तर येऊ दे.

काल मी सोयाबीन चोळून सालं काढत होते. आसी शेजारी येऊन बसली आणि विचारते, "आई, चटई आपली न्यायची की तिथे मिळते?" मी म्हटलं, कुठली चटई, कुठे तिथे? तर उठायला लागली. मग ओल्या हाताने तिची हनुवटी धरली तेव्हा सगळं बाहेर आलं. ईदच्या आठव्या दिवशी "आजीला भेटवून आणतो" म्हणून तू तिला घेऊन गेलास. आजीकडे नाही गेलास. कारांगसेम्पूला गेलास, तुझ्या गुरूच्या, कियाईंच्या पेसांत्रेनमध्ये, जिथे पोरं राहून धर्म शिकतात. त्यांच्यापुढे गुडघे टेकलेस, त्यांच्या हाताचं चुंबन घेतलंस आणि म्हणालास, "ही माझी मुलगी आजपासून तुमच्या हवाली. शिकवा, रागवा, वाढवा. सहावी झाली की आणून सोडतो." त्यांनी दुआ मागितली. येताना पोरीला बर्फाचा गोळा घेऊन दिलास आणि सांगितलंस, "आईला मी सांगेन, तू बोलू नकोस."

महिनाभर माझी पोर ते पोटात ठेवून माझ्याशेजारी झोपली.

मी चौथी शिकले असेन, पण हवाली करणं म्हणजे काय ते मला कळतं. एकदा हवाली केलेलं पोर परत मागायचं नसतं. मागितलं तर गुरूचा अपमान, पोराच्या विद्येतली बरकत जाते, आणि गाव जन्मभर बोट दाखवतं. तेवढ्यासाठीच तू माझ्या पाठीमागे उरकून घेतलंस. बाहेरून कडी लावून घेतलीस.

तर आता ऐक. आसी सरकारी शाळेतच जाणार. तुझ्या घराच्या मागे आहे त्याच. तिला सुईण व्हायचंय. आपल्या तांबी म्हातारीसारखी नाही. शिकलेली, पांढऱ्या कपड्यातली, दवाखान्यात खुर्चीवर बसणारी. तुझ्या कियाईंकडे पिवळ्या पानांच्या किताबा आहेत, त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण तिथे सरकारी प्रमाणपत्र नाही, आणि त्याशिवाय सुईणीच्या कॉलेजात फाटकापाशीसुद्धा कोणी उभं करत नाही. शाळेचे अर्ज १९ जूनपासून तीन दिवस आहेत. घर शाळेच्या जितकं जवळ तितका नंबर वर, आणि घर कुठलं ते कुटुंबकार्डावरून बघतात, हे तुलाही ठाऊक आहे.

कार्डाची काळजी तू करू नकोस. ते मी बघून ठेवलंय. तू फक्त मध्ये पडू नकोस.

रुकाना


५ जून

आसीच्या बाबा,

तुझं पत्र मिळालं. तीन पानं! लग्नाच्या नऊ वर्षांत तू माझ्याशी तीन पानांइतकं बोलला नसशील.

माझ्या पत्राला टेंपेचा वास येतो म्हणतोस. येणारच. त्या वासावर तुझी पोर वाढलीय.

तू लिहितोस, "सकाळी सातपासून भिंतीपलीकडून मी जे ऐकतो ते तू एकदा येऊन ऐक, मग सरकारी शाळेचं नाव काढ." म्हणून परवा मी खरंच आले. तू ट्रक घेऊन बाहेर गेला होतास. उमीला विचार. तुझी नवी बायको, तीच दारात आली, मला बघून तिचा चेहरा भुईमुगाच्या टरफलासारखा झाला. म्हणाली, "ताई, आत या ना." मी म्हटलं, "आत नको, मला मागच्या भिंतीशी उभं राहू दे." तिने तिथेच स्टूल आणून ठेवलं, चहा आणला. चांगली आहे ती. मागच्या वर्षी फोनवर तिला जे बोलले ते मी बोलायला नको होतं. हे तिला वाचून दाखव, पुन्हा लिहिणार नाही.

अर्धा तास ऐकलं. शिव्या ऐकल्या, दोन. एक कुत्र्यावरून आणि एक कोणाच्या तरी आईवरून. मी बाजारात बसते आसीच्या बाबा, पहिली गिऱ्हाईकं येण्याआधी माझ्या कानावर याच्या दहापट पडतात. मग एक मुलगी मोठ्याने हाडांची नावं म्हणत होती, चुकली की पुन्हा पहिल्यापासून. बाकीच्या तिला हसत होत्या आणि ती म्हणतच होती. तू हे कधी ऐकलं नाहीस का? की कान शिव्यांपुरतेच उघडतोस?

शाळेत एक सांगाडा आहे. मार्चमध्ये सहावीच्या पोरांना दाखवायला नेलं होतं. आसी आली ती माझ्या बरगड्या मोजत बसली. "आई, श्वास सोडू नको, मध्येच चुकतं."

शेजारच्या रत्नीच्या मुलीचं लिहिलंस. झालं ते वाईट झालं, पंधराव्या वर्षी पोर पदरात. पण ती शाळेत होती म्हणून झालं का? रत्नी दिवसभर सिगारेटच्या कारखान्यात, बाप दारूत, पोर मोबाइलमध्ये. हे सोयीने वगळलंस.

आणि कियाईंचं. कोंबड्यांच्या झुंजीतून तुला कोणी ओढून काढलं हे मी विसरलेले नाही. माझ्या कानातलं विकून तू जो लाल कोंबडा आणलास तोही विसरलेले नाही. त्यांनी तुला माणूस केलं. मी ऐकलं आणि मला बरं वाटलं, पण तोवर मी निघून आले होते. तुला त्यांचे उपकार फेडायचे असतील तर तू जाऊन त्यांचं अंगण झाड. माझी पोर कशाला?

अंगण झाडण्यावरून सांगते, कधी बोलले नव्हते. चौथीनंतर बापाने मला मस्जिदीमागच्या कुराणवाल्या बाईंच्या घरी ठेवलं. सात वर्षं त्यांचं अंगण झाडलं. बाई मायाळू होत्या, माझी तक्रार नाही. मला पठण येतं, तुझ्यापेक्षा चांगलं येतं. पण सरकारी भाषेतला कागद वाचायचं राहिलं ते राहिलंच. तलाकाच्या वेळी कोर्टात तू माझ्यापुढे कागद सरकवलास आणि म्हणालास, "इथे." मी सही केली. आसीचं नाव तुझ्या कुटुंबकार्डावर राहील असं त्यात लिहिलं होतं. मला ते दोन वर्षांनी कळलं, ती तापाने फणफणली होती आणि दवाखान्यातली बाई म्हणाली, "मुलीचं कार्ड कुठाय?" माझ्या घरात वाढणारी माझी पोर कागदावर तुझ्या घरात!

आसीला मी विचारलं, तुला कुठे जायचंय? तर म्हणते, "शाळेत तुम्ही दोघं जाणार आहात की मी?" मी म्हटलं, तूच. "मग मला विचारायला एवढा उशीर का केला?" आणि उठून गेली. तुझ्यावर गेलीय.

तुझं कार्ड मला लागणारच नाही, तेव्हा ते धरून बसू नकोस.

रुकाना


९ जून

आसीच्या बाबा,

हे पत्र एकटा असताना वाच.

काल शाळेत जाऊन आले. अर्ज भरायच्या आधी कागद तपासून देतात. टेबलावर एक मास्तरीण, चष्मा डोक्यावर ठेवलेला. तिने कार्ड बघितलं, चष्मा खाली घेतला, पुन्हा बघितलं.

"मावशी, ह्या कार्डावर घरचा कर्ता कोण?"

"माझा भाऊ. कास्दी."

"आणि मुलगी त्याची कोण?"

"भाची."

"इथे 'इतर नातेवाईक' लिहिलंय. जन्मदाखल्यावर वडील मुर्सिदी. ते कुठे असतात?"

"इथेच. तुमच्या भिंतीला लागून."

ती हसली. मी हसले नाही. म्हणाली, "मग त्यांच्या कार्डावर असती तर पहिल्या पाचात नंबर लागला असता! मामाच्या कार्डावर आता चालत नाही मावशी. आई किंवा बाप, तिसरं कोणी नाही. पूर्वी चालायचं. लोकांनी मामा-काका-आत्याच्या कार्डांवर इतकी पोरं चिकटवली की गेल्या वर्षी एका खोलीच्या घरात बारा वर्षांची एकवीस मुलं निघाली."

"माझ्या कार्डावर घातली तर?"

"तुमचं गाव अकरा किलोमीटर लांब. शिवाय शाळा उघडायच्या आधी बारा महिने नाव हवं. आज घातलंत तर पुढच्या वर्षी."

सरकारी मदरशात प्रमाणपत्र मिळतं म्हणून तिथेही विचारून आले. त्यांचे अर्ज मे महिन्यातच संपलेत.

आता तुझ्या डोक्यात आलंच असेल. आसी तुझ्या कार्डावर होती, मग कास्दीच्या कार्डावर कशी गेली?

मी नेली. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत. तू तेव्हा पहिल्यांदा पेसांत्रेनचं काढलंस आणि म्हणालास, "मुलगी माझ्या कार्डावर आहे, माझ्या सहीने होईल." ते वाक्य माझ्या कानात राहिलं. मला वाटलं, कार्ड ज्याचं पोर त्याची. कास्दीचं घर शाळेपासून दोन गल्ल्यांवर, म्हणजे शाळाही मिळेल आणि तूही बाजूला होशील. गावातला एजंट म्हणाला, बापाची संमती लागेल, सही आणा. मी म्हटलं, आणते.

तुझी सही मीच केली. निकाहाची हिरवी पुस्तिका अजून माझ्या ट्रंकेत आहे, त्यात तुझी सही आहे. टेंपे बांधायच्या केळीच्या पानांवर नखाने गिरवत बसले, आठ दिवस. शेवटच्या 'दी'ला तू ती मोठी शेपटी काढतोस ना, ती जमत नव्हती. मग जमली. त्या पानांत बांधलेले टेंपे लोकांनी विकत नेले.

तू माझ्यापुढे न वाचलेला कागद सरकवलास, मी तुझी खोटी सही केली. कोण जास्त वाईट ते तू ठरव, मला वेळ नाही.

नोंदणी कार्यालयात विचारलं. ते म्हणतात, बापाने स्वतः येऊन सांगितलं की ही सही माझी नाही, तर ती बदली रद्द होते आणि पोरीचं नाव तुझ्या कार्डावर जुन्या तारखेनेच परत येतं. मग १९ तारखेला अर्ज भरता येईल. पण मग सही कोणी केली हा प्रश्न येणार. एजंट आत्ताच त्याच्या भाच्याकडे पळालाय. खोट्या सहीवर पोलीस केस होते, असं तिथला क्लार्क म्हणाला, अगदी सहज, जसं काही मला बसायला खुर्चीच देत होता.

होऊ दे केस. मी लिहून ठेवलंय की मी केली, तारखेसकट. १५ तारखेला सकाळी नऊला कार्यालयात ये. मी दारात असेन. तुला फक्त खरं सांगायचंय, "ही सही माझी नाही." चार शब्द. बाकी मी बघते.

हे मी विनंती म्हणून लिहितेय. मला विनंती लिहिता येत नाही, पण ही आहे.

रुकाना


१३ जून

आसीच्या बाबा,

अर्ध्या कागदावर एकच ओळ! "कियाईंना विचारून सांगतो." शिवी लिहिली असतीस तर चाललं असतं.

तू विचारायच्या आधी मी विचारून आले. कास्दीच्या मोटरसायकलवर मागे बसून, थेट कारांगसेम्पूला. मला वाटलं होतं गादीवर बसलेले असतील. तर ते गुडघाभर पाण्यात, तळ्याचं पाणी अडवायचं फळकुट बसवत होते, लुंगी वर खोचलेली. माशांचं पाणी वाहून चाललं होतं. मी काठावरूनच बोलायला लागले. हाताचं चुंबन घेतलं नाही, हात चिखलात होते.

म्हटलं, "मी मुर्सिदीची आधीची बायको. त्याने माझी पोर मला न विचारता तुम्हाला दिली. परत द्या."

कियाई म्हणाले, "तू दिलीस का मला?"

"नाही."

"मग तुला परत कशी देऊ? ज्याने दिली तो मागेल तर देईन. दोघं मिळून आलात तर आत्ता, ह्या चिखलातून." आणि फळकुटावर हातोडी मारली.

तेवढ्यात न्याई आल्या, त्यांची बायको. डोक्यावर तांदळाची पाटी. म्हणाल्या, "ही रडायला आलीय की भांडायला?"

मी म्हटलं, "भांडायला."

"मग बस. रडणाऱ्यांना मी उभंच ठेवते."

त्यांना सगळं सांगितलं. सहीचंसुद्धा. नाही सांगणार होते, पण त्या बाई अशा बघतात की माणूस बोलत सुटतं. केळीच्या पानांचं ऐकून त्या खाली ठेवलेल्या पाटीवर डोकं टेकून हसल्या. मग म्हणाल्या, "सुईण व्हायचंय म्हणते? माझ्याकडे दोनशे मुली आहेत. कोणाच्या पोटात दुखलं तर मी आलं उगाळून लावते आणि अल्लाचं नाव घेते. एक सुईण मलाही हवीय. आमच्यातली एकही मुलगी अजून कुठल्या कॉलेजात गेलेली नाही, हे मी ह्यांना दर वर्षी सांगते."

कियाई तळ्यातून म्हणाले, "दर वर्षी ऐकतोही."

"ऐकता आणि मासे पाळता."

मी विचारलं, "मुर्सिदी तुम्हाला विचारायला येईल तेव्हा काय सांगाल?"

त्यांनी वर बघितलं. म्हणाले, "एवढंच सांगेन, कार्यालयात जा आणि विचारतील त्याचं खरं उत्तर दे. खोट्या सहीवर आलेली मुलगी मला नको. आणि केस झाली तर तू भोगशील, हे लक्षात घेऊन आलीस ना?"

"घेऊन आले."

"मग जा."

तर हे असं आहे. तुझ्या गुरूनेच सांगितलंय, खरं बोल. आता तुला दुसऱ्या कोणाला विचारायचं राहिलं असेल तर आजच विचारून घे. परवा नऊ वाजता.

आसीला माहीत नाही की मी तुरुंगात जाऊ शकते. तिला सांगू नकोस. गेले तर कास्दीच्या बायकोकडे राहील, बोलणं झालंय. टेंपेचं काम कास्दी बघेल. त्याला विरजण किती घालायचं ते दाखवून ठेवलंय.

रुकाना


१५ जून

तुला काय म्हणू ते सुचत नाही, म्हणून वर काहीच लिहिलं नाही.

दुपारी घरी आले, अंघोळ केली आणि बसले. 

पुन्हा सगळं लिहून काढते, म्हणजे तुला कळेल मी काय बघितलं. तू आलास, वेळेवर. इस्त्रीचा सदरा, टोपी. माझ्याकडे बघितलं नाहीस, थेट क्लार्कला सांगितलंस, सहीबद्दल तक्रार आहे. क्लार्कने फाइल उघडली, कागद तुझ्यापुढे फिरवला आणि बोट ठेवलं. "मुर्सिदी, ही संमतीची सही तुमची आहे का? नसेल तर तसं लिहून द्या. पुढचं आम्ही बघू." माझा लिहिलेला कागद माझ्या मुठीत होता. घामाने भिजला होता.

तू चष्मा काढून पुसलास. सही बघत राहिलास. किती वेळ! मी मनात म्हटलं, शेपटी बघतोय.

आणि म्हणालास, "माझीच आहे."

क्लार्क म्हणाला, "नक्की? कारण तुम्ही तक्रार—"

"तक्रार चुकून केली. सही माझी. मी विसरलो होतो."

मी ओरडले ते तुला आठवत असेल, सगळ्या कार्यालयाला आठवत असेल. "खोटं बोलतोय हा! ती सही माझी आहे. करून दाखवू?" आणि मी त्याच्या टेबलावरचं पेन उचलून त्याच्याच वहीवर केली. शेपटीसकट. क्लार्कने दोन्ही सह्या बघितल्या. त्याला कळलं, त्याच्या तोंडावर दिसलं. तरी म्हणाला, "बाई, बसा. ज्याच्या नावाची सही तो हो म्हणतोय. मला काय करायचंय? मागे रांग बघा." रांगेतली एक बाई म्हणाली, "नवरा-बायकोचं घरी जाऊन मिटवा हो, माझं पोर भुकेलंय." मी म्हटलं, "हा माझा नवरा नाही!" लोक हसले.

बदली कायम. आसी कास्दीच्या कार्डावर, इतर नातेवाईक. शाळेचा अर्ज संपला.

बाहेर आवारात तुझी बाही धरली. विचारलं, "कियाईंनी काय सांगितलं होतं तुला?"

"खरं बोल म्हणून सांगितलं होतं."

"मग?"

तू हेल्मेट घालत होतास. म्हणालास, "बाकावर बसलेला पोलीस दिसला नाही तुला? क्लार्कने नावाने हाक मारून त्याला जवळ बसवला होता. मी तक्रार म्हटल्याबरोबर."

"मग मी गेले असते! मी तयार होते! लिहून आणलं होतं मी!"

"आणि आसी?" एवढंच म्हणालास आणि गाडी सुरू केलीस.

आल्यापासून तेच घोळतंय. तू मला पोलिसापासून वाचवलंस. नमाजी माणूस, पीराच्या थडग्यासमोर खोटं बोलायला घाबरणारा, सरकारी टेबलासमोर सरळ खोटं बोललास, तेही गुरूने बजावल्यावर. पण त्याच वाक्याने सरकारी शाळा गेली आणि पोर कारांगसेम्पूच्या दारात उभी राहिली. एकच वाक्य. मला त्यातून तुझं मन वेगळं काढता येत नाही. चष्मा पुसताना आधी काय आलं तुझ्या डोक्यात, मी की पेसांत्रेन?

चार शब्द मागितले होते. तू दोन दिलेस.

रुकाना


३ जुलै

आसीच्या बाबा,

बकरीद झाली. काल आसीला कारांगसेम्पूला सोडून आले. मी स्वतः. तुला बोलावलं नाही.

तिला मी घरी ठेवणार होते. म्हटलं, एक वर्ष काढू, पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज करू. तेरा वर्षांची असेल, चालतं. शाळेतल्या मास्तरणीला विचारलंय. तर तुझी लेक म्हणते, "वर्षभर सोयाबीन चोळत बसू? त्यापेक्षा न्याईंकडे जाते. तिथे निदान दोनशे जणी आहेत बोलायला." स्वतःच चटई गुंडाळली. त्यात निळा कंगवा, सहावीचं विज्ञानाचं पुस्तक आणि टेंपेच्या कुरकुरीत चकत्यांची पिशवी. मी चटईला दोरी बांधून दिली. पहिल्यांदाच तिने स्वतः काही ठरवलं होतं.

कियाईंनी मला विचारलं, "कार्यालयात काय झालं?" मी जसं झालं तसं सांगितलं.   मग कियाई म्हणाले, "मुर्सिदीला मी सांगितलं होतं, खोट्या सहीवर आलेली मुलगी मला नको. त्याने हवाली केली होती ती मी सोडली. तो नसताना सोडली, त्याला सांग. मुलगी इथे पाहुणी म्हणून राहील. कोणी न्यायला आलं की त्याच दिवशी जाईल." आणि आसीला म्हणाले, "पाहुणी आहेस म्हणून अंगण झाडायचं नाही असं नाही हं."

ती म्हणाली, "किती मोठंय अंगण?"

न्याई म्हणाल्या, "हिचं आणि माझं जमेल."

तर तुझी कडी त्यांनीच काढली. आता कोणाचा अपमान नाही, कसली बरकत जात नाही. आता मध्ये तुझ्याशिवाय कोणी नाही.

निघताना आसी फाटकापर्यंत आली. तिला सगळं कळलंय, कास्दीच्या बायकोच्या पोटात काही राहत नाही. विचारलं, "आई, बाबा खोटं का बोलले?"

मला सांगता आलं असतं. तुझ्याविरुद्ध सांगायला माझ्याकडे नऊ वर्षांचं आहे, आणि ती ऐकायला तयार होती. कास्दी गाडीवर बसला होता, तोही ऐकत होता.

मी म्हटलं, "मला पोलिसांनी नेऊ नये म्हणून."

तिने माझ्याकडे बघितलं. "खरंच?"

"खरंच," म्हटलं मी. ती आत गेली, मागे वळली नाही.

आता कामाचं. शाळा १७ जुलैला उघडतात. त्याच्या आत आसीचं नाव तुझ्या कार्डावर परत गेलं तर पुढच्या वर्षी बारा महिने भरतात आणि भिंतीपलीकडची ती शाळा तिला मिळते. एक दिवस उशीर झाला तरी नाही. कास्दी नाव सोडायला तयार आहे, त्याने कागदावर सही दिलीय. तो कागद मी वाचून घेतला, सगळा, बोट ठेवून. फक्त तुझी सही लागेल, आणि ह्या वेळी ती मी करणार नाही.

दहा तारखेला, सोमवारी, मी कार्यालयाच्या दारात असेन. तू आलास तर मी पोरीला खरं सांगितलं. नाही आलास तर मीही तिच्याशी खोटं बोलले, आणि ते मला परत जाऊन तिला सांगावं लागेल.

साडेआठलाच ये. सोमवारी रांग मोठी असते.

रुकाना